कुडाळ एमआयडीसीतलं गॅरेज: इंजिन बदलण्याआधी इथे उघडून बघा

आमची गाडी म्हणजे बजाज टेम्पोच्या काळातली ट्रॅव्हलर. मागच्या सीट काढून पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवलेली, आणि आरसीवर तशी नोंदही केलेली. मी, नवरा आणि सासूबाई रेडीपासून हर्णैपर्यंतचा किनारा हिच्यातच राहून फिरतो. गेल्या उन्हाळ्यात आंबोली चढताना निळसर धूर सुटायला लागला आणि गाडी ऑइल प्यायला लागली.

आधी दाखवलं त्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, धूर बघितला आणि सांगून टाकलं, "इंजिन संपलं. 65 हजारांत जुनं चालू इंजिन बसवून देतो." कुठल्या गाडीचं, कागद आहेत का, याला उत्तर नाही. इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो. आरटीओत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते आणि त्याला त्या इंजिनाच्या खरेदीचे कागद लागतात. शिवाय आणलेलं इंजिन आतून कसं आहे, हे ते उघडल्याशिवाय कुणालाच कळत नाही. मग आपलंच का उघडू नये?

म्हणून कुडाळला आलो. इथल्या मेस्त्रींनी आधी गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं. भसाभसा वाफारा बाहेर आला, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या रिंगांजवळून खाली गळत होता. मग डिझेल फवारणारे नोझल काढून एकेका सिलिंडरला दाब मोजायचा गेज लावला. चारांपैकी तीन सिलिंडर विशीच्या आसपास, तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरात फक्त 13. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि सिलिंडरच्या वरच्या कडेजवळ नख फिरवायला सांगितलं. नख अडकलं. रिंग वर जाऊन जिथून परत फिरते तिथेच झीज सगळ्यात जास्त होते, आणि तिथे पायरीच पडली होती. तिसऱ्यात तर उभे ओरखडे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, वर किती, खाली किती, क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं) प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंगात फिरणारा गोल भाग, किती, हे सगळं मोजून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. क्रँक आजवर एकदाही घासलेला नव्हता, ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला, कुठे चीर नव्हती.

"ब्लॉक बरो आसा, कित्याक टाकतास?" मेस्त्री म्हणाले. ब्लॉकला चीर असती किंवा क्रँक घासून घासून शेवटच्या साइजला आलेला असता, तर दुसरं इंजिन बघा असं मीच सांगितलं असतं, हेही बोलले. मला हे गॅरेज आवडलं ते इथेच. आकडे आधी, पैशांची गोष्ट नंतर.

हे इंजिन मर्सिडीजच्या ओएम 616 घराण्यातलं, 4 सिलिंडरचं, 2.4 लिटरचं. यात कॉम्प्युटर नाही, सुटे भाग अजून मिळतात. कॉमनरेलचं, म्हणजे कॉम्प्युटरने डिझेल सोडणारं, नवं इंजिन घालायचं तर वायरिंग, सेन्सर सगळंच उभं करावं लागलं असतं, आणि खाऱ्या हवेत त्या कनेक्टरांचं काय होतं ते किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको.

सिलिंडरांचं बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग कोल्हापूरच्या उद्यमनगरातून करून आणलं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, टायमिंग चेन नवी. इंजिनाला डिझेल देणारा पंप आणि नोझल, तेच काम करणाऱ्या वेगळ्या मेस्त्रीकडून तपासून घेतले. बरेच जण नेमकं हेच टाळतात आणि मग धुराला रिंगा जबाबदार धरतात. ब्लॉक तोच, त्यामुळे नंबरही तोच आणि आरटीओची पायरी चढावी लागली नाही. बिल लाखाच्या जरा आत आलं. जुन्या इंजिनापेक्षा महाग, पण आत काय आहे ते मी डोळ्यांनी बघितलंय.

त्रास एकच, वेळ. कोल्हापूरहून माल यायला उशीर झाला, त्यात गणपती आले आणि गॅरेजला कुलूप. फोनही पटकन उचलत नाहीत, समोर जाऊनच विचारावं लागतं. बसायला जागा नाही, पावसात तर उभं राहायचीही पंचाईत.

पहिले हजार किलोमीटर गाडी दामटायची नाही, असं बजावून सांगितलं होतं. ते झाल्यावर ऑइल बदललं आणि हेडचे बोल्ट पुन्हा आवळून दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत. नंतर भरलेल्या टाकीनिशी आंबोली चढलो. धूर नाही, तापमानाचा काटा मध्यावर.

गाडी इथे कामाला टाकायची तर गणपतीनंतर टाका, मोजलेल्या आकड्यांचा फोटो काढून घ्या, आणि काढलेले जुने पिस्टन, बेअरिंग परत मागा. इथे न मागताही पोत्यात बांधून देतात.