जुन्या गाडीची गरम सीट: दुरुस्त करायची, नवा पॅड घालायचा की नाद सोडायचा?

४२-४३ अंशांत होरपळणाऱ्या मराठवाड्यात गरम सीट कोणाला हवी, हा प्रश्न एप्रिलमध्ये रास्तच आहे. पण डिसेंबरात परभणीचा पारा ५-६ अंशांवर उतरतो, जालन्याहून पहाटे समृद्धीवर गाडी काढायची असते आणि कंबर आधीच कुरकुरत असते, तेव्हा तेच बटण पहिल्यांदा दाबलं जातं. आणि नेमकं तेव्हाच कळतं की ते चालत नाही.

या गाड्या आपल्याकडे कमी नाहीत. ऑक्टोबर २०१०मध्ये औरंगाबादकरांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज घेतल्या, त्याची बातमी देशभर झाली. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१पासून स्कोडा जुळत होत्या. त्या पिढीतल्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या दारात आहेत, आणि त्यांतल्या काही वरच्या मॉडेलांत सीटखाली हीटर आहे.

बिघाड गादीच्या आत, म्हणजे तापणाऱ्या तारेच्या पॅडमध्ये, आहे की बाहेर, यावर सगळा निर्णय फिरतो. बाहेर असेल तर डोळे झाकून दुरुस्त करा, कारण काम सहसा गादी न खोलता आणि स्वस्तात होतं. आत असेल तर थांबा, हिशोब करा.

ओळखायचं कसं? बटणावरचा दिवाच लागत नसेल तर आधी फ्यूज, मग बटण. नवा फ्यूज लगेच उडाला तर कुठेतरी वायर बॉडीला टेकली आहे; तिथे जास्त अँपिअरचा फ्यूज ठोकणाऱ्या मिस्त्रीला तिथूनच नमस्कार करा. दिवा लागून दोन-चार सेकंदांत विझत असेल, तर हीटर सांभाळणाऱ्या मॉड्यूलला सर्किट तुटलेलं किंवा सेन्सर गेलेला दिसतोय. पाठ तापते पण बूड गार, असं असेल तर बहुधा खालचा पॅडच तुटलेला. बसताना गुडघा टेकवून आत शिरायची सवय असली की तार तिथेच तुटते.

मल्टिमीटर असलेला कोणताही वायरिंगवाला पुढचं सांगू शकतो. सीटखालचा कनेक्टर काढून पॅडचा ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध, मोजायचा. १२ व्होल्टवर ६० वॉटचा पॅड म्हणजे ५ अँपिअर, म्हणजे साधारण २.४ ओहम. आकडा नेमका किती हवा याची चिंता नको. शेजारची सीट चालू असेल तर तिचा मोजा आणि ताडून बघा. मीटर रोधाचा आकडाच दाखवत नसेल (शून्य नव्हे) तर तार तुटली. एक खबरदारी मात्र न चुकता घ्या: सीटखालचा पिवळा कनेक्टर एअरबॅगचा असतो. बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका.

आपल्याकडची दोन कारणं खास ध्यानात ठेवा. वॉशिंग सेंटरवर आतून फवारा मारतात, पाणी सीटखालच्या कनेक्टरमध्ये मुरतं आणि पिना हिरव्या पडतात. दुसरं कारण उंदीर. शेतावर आठवडाभर उभी असलेली गाडी त्यांना घरच वाटते. दोन्हींत पॅड ठणठणीत असतो; कनेक्टर साफ केला, तुटलेली वायर क्रिम्प केली की झालं. आणि तपासणी मे महिन्यात करू नका. उन्हात उभ्या गाडीची सीट आधीच इतकी तापलेली असते की थर्मोस्टॅट करंटच सोडत नाही, आणि धडधाकट पॅड 'गेला' म्हणून बदलला जातो.

आता बिघाड आतच निघाला असं धरू.

तुटलेल्या तारेला डाग देऊन घेणं सगळ्यांत स्वस्त, आणि माझ्या मते सगळ्यांत वाईट. पॅडमधल्या रोधक (तापणाऱ्या) तारेला सोल्डर नीट धरत नाही, धरला तरी रोज दाबला-वाकला जाणारा तो सांधा टिकत नाही, आणि अर्धवट सुटलेला सांधाच तापतो. सीटला तपकिरी डाग किंवा जळका वास आला असेल तर दुरुस्तीचा विचारही नको. फ्यूज काढून ठेवा.

कंपनीचा मूळ पॅड बसायला चपखल, सेन्सर जागच्या जागी, बटणं पूर्वीसारखीच चालतात. पण जुन्या मॉडेलचा सुटा पॅड मिळेलच असं नाही. काही गाड्यांत तो पूर्ण गादीसकटच येतो. पॅसेंजरच्या सीटमध्ये माणूस बसल्याचं ओळखणारा सेन्सर असेल, तर मात्र हाच रस्ता धरा, नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटून बसू शकतो.

कार्बन फायबरचं किट त्या मानाने बरंच स्वस्त. एका सीटला दोन पॅड, रिले, बटण आणि वायरिंग सोबत येतं. गोम मजुरीत आहे. कव्हर उतरवायचं, ते धरून ठेवणाऱ्या तारेच्या रिंगा कापायच्या, पॅड फोमवर सपाट चिकटवायचा, पुन्हा कव्हर ताणून बसवायचं. कुशनवाल्याचं निम्मं काम तेच. पंधरा वर्षं इथल्या उन्हात वाळलेलं लेदर त्या ताणात शिवणीवर फाटतं, फोमचा भुगा निघतो. म्हणून हीटरसाठी सीट खोलू नका, पण सीटचं कव्हर नवं करायचंच असेल तर त्याच दिवशी किट आत घालून घ्या. मजुरी एकदाच लागते. करंट इग्निशनच्या लाइनवरून आणि स्वतंत्र फ्यूजसह घ्या.

उरली लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची गरम गादी. दिसायला सामान्य, वायर पायात येते, पण बहुतेकांसाठी मी तीच सुचवेन. सीट खोलावी लागत नाही, दोन महिने वापरून फडताळात टाकता येते, उद्या दुसऱ्या गाडीतही चालते. ४५ वॉटची असेल तर पावणेचार अँपिअर खेचते; सॉकेटला तेवढा भार काहीच नाही. मात्र सॉकेट ढिलं असेल तर प्लग तापतो, आणि गाडी बंद केल्यावरही सॉकेट चालू राहत असेल तर सकाळी बॅटरी उतरलेली सापडेल.

या सगळ्यावर आपली एक खास सवय: मूळ लेदरवर रेक्झिनचं जाड कव्हर, त्यावर टॉवेल. खालचा हीटर कितीही चांगला असो, ऊब वर पोचत नाही आणि आतच कोंडते. रेक्झिन काढायची तयारी नसेल तर आतल्या दुरुस्तीवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

मधुमेहाने पायांची जाणीव कमी झालेलं कोणी घरात असेल, तर त्यांच्या बाजूला हीटर नकोच. चटका बसलेला त्यांना कळत नाही. लांब पल्ल्याला ड्रायव्हरची एक सीट पुरे.

कुर्ल्याच्या किंवा दिल्लीच्या मायापुरीच्या जुन्या पार्टच्या बाजारातून सीट मागवायचा बेत असेल, तर पैसे देण्याआधी दोन्ही पॅडचे ओहम मोजून मीटरचा फोटो मागा. दुकानदार टाळाटाळ करायला लागला तर सौदा सोडा.