यू-बूटची टेस्ट-पाय: आठ महिने वापरल्यावर

यू-बूट हा बोर्ड सुरू होताच चालून लिनक्स लोड करणारा बूटलोडर. त्याच्या चाचण्यांची मांडणी आधी सांगतो. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमधलं टेबल. त्यावर एक उबुंटू मशीन, एक बीगलबोन ब्लॅक (एएम३३५एक्स चिपचा छोटा संगणक-बोर्ड), आमचेच दोन कंट्रोलर बोर्ड, चार चॅनलचा यूएसबी रिले, एसडी कार्ड कधी मशीनला तर कधी बोर्डाला जोडणारा मक्स आणि तीन यूएसबी-सीरियल अडॅप्टर. चाचण्या चालवते ती यू-बूटच्या सोर्ससोबतच येणारी, पायटेस्ट या पायथनमधल्या चाचणी-साधनावर उभी असलेली टेस्ट-पाय. सॉफ्टवेअरबद्दल तक्रार जवळपास नाही. जीव खातात त्या तारा आणि वीज.

सँडबॉक्सपासूनच सुरुवात करा. यात यू-बूट साध्या लिनक्स प्रोग्रॅमसारखा पीसीवर चालतो. बोर्ड म्हणून सँडबॉक्स द्यायचा, बिल्डचा पर्याय जोडायचा, की कंपाइल होऊन चाचण्या सुरू. सगळ्या नको असतील तर डॅश-के लावून नावावरून गाळता येतात. घाईत ‘मेक क्यूचेक’ पुरतो, कारण तो संथ चाचण्या वगळतो. कमांड, एन्व्हायर्नमेंट (यू-बूटची साठवलेली सेटिंग्ज), ड्रायव्हर मॉडेल, एफआयटी इमेजच्या (कर्नल वगैरे एकत्र बांधलेल्या फाइलच्या) सह्या यांतली मोडतोड इथेच हाती लागते. डीडीआर मेमरीचं टायमिंग किंवा एमएमसी कार्डाचं घड्याळ मात्र सँडबॉक्सला कळणार नाही. एएम३३५एक्सच्या बूटरॉमला, म्हणजे चिपमधल्या कायमच्या कोडला, एसपीएल (यू-बूटचा छोटा पहिला टप्पा) १०९ केबीच्या आत लागतो, तेही नाही.

खऱ्या बोर्डासाठी तीन छोट्या स्क्रिप्ट आपल्याला लिहाव्या लागतात: कन्सोल, फ्लॅश आणि रीसेट. आमच्याकडे कन्सोल म्हणजे ११५२०० बॉडवर पिकोकॉम हा सीरियल टर्मिनल, फ्लॅश म्हणजे मक्स मशीनकडे वळवून इमेज कार्डावर लिहिणं, आणि रीसेट म्हणजे रिले दोन सेकंद बंद. प्रत्येकी दहा-बारा ओळी, पण आठ महिन्यांतला निम्मा वेळ यांनीच खाल्ला.

बीगलबोन आधी ईएमएमसीवरून, म्हणजे बोर्डावरच्याच फ्लॅश मेमरीवरून, उठतो. कार्डावरून उठवायचा तर वीज देताना एस२ बटण दाबून धरावं लागतं, आणि रिलेला बोट नसतं. ईएमएमसीचा सुरुवातीचा एक एमबी शून्यांनी भरला की रॉम आपणहून कार्डाकडे वळतो. पार्टिशन टेबलही त्यात पुसलं जातं, तेव्हा आत काही ठेवलं असेल तर आधी काढून घ्या.

सीरियल अडॅप्टर स्वस्त घेतलेत तर पुढचं वाचा. सीएच३४० या अडॅप्टर-चिपला सीरियल नंबरच नसतो, आणि स्वस्त सीपी२१०२ चिप बऱ्याचदा सगळे ०००१ म्हणून येतात. मशीन रीबूट झालं की टीटीवायच्या (लिनक्समधल्या सीरियल पोर्टच्या) क्रमांकांची अदलाबदल होते आणि एका बोर्डाची चाचणी दुसऱ्या बोर्डाशी बोलू लागते. त्यामुळे बाय-पाथचा, म्हणजे यूएसबी पोर्टच्या जागेवरून ठरणारा, पत्ता वापरा आणि हबच्या पोर्टवर खडूने नंबर टाका. उबुंटू २२.०४वर ब्रेल टर्मिनलसाठीची बीआरएलटीटीवाय सेवा सीएच३४०वर हक्क सांगते. नको असेल तर काढून टाका. मोडेममॅनेजरही बंद हवा. तो पोर्ट उघडून मोडेमच्या एटी कमांड पाठवतो, आणि ऑटोबूट (आपोआप होणारं बूट) थांबवायला तेवढं एक अक्षर पुरतं.

सगळ्यात छळलं ते आमच्या स्वतःच्या बोर्डाने. रिले टकटक करायचा, रीसेट झाल्यासारखं वाटायचं, पण पाच-सात फेऱ्यांत एकदा बूट बॅनरच यायचा नाही. दिवा मालवून पाहिलं तर वीज तोडल्यावरही पॉवरचा एलईडी मंद तांबूस जळत होता. अडॅप्टरच्या टीएक्स (पाठवणाऱ्या) पायातले ३.३ व्होल्ट प्रोसेसरच्या आरएक्स (घेणाऱ्या) पायातून आत झिरपत होते, म्हणून पॉवर-ऑन रीसेट पूर्ण होतच नव्हता. मध्ये बफर आयसी घातला, त्याला वीज बोर्डाच्याच ३.३ व्होल्टवरून दिली, आणि दुखणं गेलं. नुसता १ किलोओहमचा रेझिस्टर लावून गळती कमी झाली होती, थांबली नव्हती.

पॉवरचा आणखी एक मुद्दा. मशीन यूपीएसवर आणि बोर्ड थेट भिंतीच्या सॉकेटवर असतील, तर वीज क्षणभर गेली की लॉगमध्ये फक्त टाइमआउट दिसतो आणि माणूस कोडमध्ये शोधत बसतो. दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या.

चाचणी फसली की टेस्ट-पाय पुढच्या चाचणीआधी बोर्ड नव्याने उठवते. धोरण योग्यच, पण एक तार सैल असेल तर रीसेट, वाट, टाइमआउट असं करत रात्र सरते. पाठवलेली कमांड कन्सोलवर जशीच्या तशी उमटते का हेही ती पाहते, त्यामुळे गळालेलं अक्षर लगेच पकडलं जातं. एचटीएमएल लॉगमध्ये प्रत्येक चाचणीचं कन्सोल वेगळं उघडता येतं. त्याला पैकीच्या पैकी.

हिरवा निकाल पाहून हुरळून जाऊ नका, आधी ‘स्किप्ड’चा आकडा बघा. टीएफटीपीच्या (नेटवर्कवरून फाइल आणण्याच्या) चाचणीला बोर्डाच्या पायथन फाइलमध्ये फाइलची माहिती द्यावी लागते: नाव, आणि हवं तर आकार व सीआरसी३२ (मजकूर जुळतो का हे पाहायचा आकडा). ही माहितीच दिली नाही तर ती गुपचूप वगळली जाते. सीआरसी दिलं आणि नंतर इमेज बदलली, तर सीआरसी जुळत नाही म्हणून नेटवर्कला नाहक शिव्या.

आमची सगळ्यात कामाची चाचणी बूटकाउंटची, म्हणजे बूट किती वेळा झालं याच्या मोजणीची. बूटलिमिट ३ ठेवलं की चौथ्या बूटला ऑल्टबूटकमांड (पर्यायी बूटची कमांड) चालायला हवी आणि कन्सोलवर तशी ताकीद यायला हवी. बीगलबोनवर ती कधीच येईना. तिथे मोजणी आरटीसीच्या (प्रोसेसरमधल्या घड्याळाच्या) स्क्रॅच रजिस्टरमध्ये होती, त्या आरटीसीला बॅटरी नाही, आणि रिलेने वीज तोडली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. या एका चाचणीपुरता रिले सोडून यू-बूटची रीसेट कमांड वापरतो. मोजणी एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवलीत तर वीज गेल्यावरही टिकते, पण अपग्रेड-अव्हेलेबल हे व्हेरिएबल १ केल्याशिवाय ती साठवलीच जात नाही. शिवाय चाचणीने सेव्ह केलेलं एन्व्हायर्नमेंट शेवटी पूर्ववत करा, नाहीतर पुढची चाचणी त्याचा भुर्दंड भरते.

जुन्या चाचण्या नव्या यू-बूटवर नेताना फिक्स्चरचं (चाचणीला बोर्डाशी जोडून देणाऱ्या पायटेस्टच्या घटकाचं) नाव तपासा. २०२५मध्ये ‘यू_बूट_कन्सोल’चं ‘यूबीमॅन’ झालं. आणि बूटडिले (बूटआधीचा थांबा) उणे २ असलेली प्रॉडक्शन इमेज या मांडणीत चालत नाही, कारण ती कीची वाटच पाहत नाही. चाचणीसाठी वेगळा डेफकॉन्फिग (बिल्डच्या सेटिंग्जची फाइल) ठेवावा लागतो, म्हणजे गिऱ्हाइकाला जाते ती हुबेहूब बायनरी तपासली जात नाही. त्या इमेजचा बॅनर आणि लिनक्सचा लॉगिन प्रॉम्प्ट आम्ही अजून वेगळ्या स्क्रिप्टनेच पाहतो.