कासवाचं ‘कम्प्लीट किट’ : अठ्ठेचाळीसशे रुपयांत काय आलं आणि काय कामाला आलं

पुण्याचा भाचा नोकरीसाठी परदेशी गेला आणि त्याचं सुल्काटा जातीचं कासव बेळगावच्या शहापुरात आमच्या घरी आलं. आलं ते टोमॅटोच्या क्रेटमधून. लांबी नऊ सेंटीमीटर, वजन २१४ ग्रॅम. “मामा, याचा काही त्रास नाही, कोपऱ्यात पडून असतं,” एवढं सांगून भाचा गेला. आईनं बघितल्या बघितल्या हात जोडले. शंकरापुढं नंदीच्या जोडीला कासव असतंय, आता आपल्या घरीच आलं म्हणाली. नाव दगडू ठेवलं.

मी उद्यमबागेत मशीनशॉपला आहे, सव्वीस वर्षं झाली. हातात मीटर घेतल्याशिवाय कशावर विश्वास बसत नाही. पण कासवातलं मला काय कळतंय? म्हणून गावातल्याच एका दुकानातून ‘टॉर्टॉइज कम्प्लीट किट’ घेतलं, रुपये ४,८००. काचेची दोन फुटी टाकी, लाल बल्ब आणि होल्डर, एक ‘यूव्ही’ म्हणजे अतिनील किरणांचा बल्ब, रंगीत खडे, प्लास्टिकचं तळं आणि त्यात नारळाचं झाड, खाण्याच्या गोळ्यांचा डबा. “थंडीचं काय?” विचारलं. “एनू आगंगिल्ल (काही होत नाही), लई चिवट जीव असतंय ओ,” दुकानदार म्हणाला. पाच महिने झाले त्याला. आता लिहितो.

लाल बल्बापासून सुरुवात करतो. पहिल्याच रात्री कारखान्यातली टेंपरेचर गन घरी आणली. बल्बच्या बरोबर खाली २८ अंश, दुसऱ्या टोकाला २३. सुल्काटा म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचं जनावर. ऊन खायच्या जागी त्याला ३५ ते ४० अंश लागतात आणि दुसरं टोक २५-२७ वर लागतं, म्हणजे तापलं की आपलं आपण उठून सावलीत जाईल. त्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही, आणि ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही. बेळगाव अडीच हजार फुटांवर. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, डिसेंबरात पहाटे दोन रग घेऊन झोपणारी आम्ही माणसं. इथं तो लाल बल्ब म्हणजे देवघरातला दिवा झाला.

मी शहाणपणा केला आणि त्याच होल्डरमध्ये शंभर वॅटचा हॅलोजन बसवला. रात्री अकराला वास सुटला. बघतो तर होल्डरचं प्लास्टिक वितळून बल्ब मान टाकून लोंबतोय, खाली दगडू आपला निवांत. चूक माझी, कबूल. पण होल्डरवर किती वॅटपर्यंत चालतो हे कुठंच छापलेलं नव्हतं, तीही चूकच की. मग इलेक्ट्रिकच्या दुकानातून चिनी मातीचा होल्डर आणला, रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावला. आता रात्रीही पंचविशीच्या खाली जात नाही.

‘यूव्ही’ बल्बचा किस्सा तर सांगितलाच पाहिजे, कारण यात कुणीही फसेल. दुकानदारानं माझ्यासमोर बल्ब लावून त्याखाली पाचशेची नोट धरली. नोटेतली तार चमकली. “बघा, यूव्ही आहे की नाही?” आहे, पण तो यूव्हीए. नोट त्यातही चमकते. कासवाला पाहिजे यूव्हीबी, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचा. त्याच्यामुळं कातडीत डी-३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगाला लागतं. नाहीतर कवच मऊ पडतं, पाय वाकतात. हे नोटेवर दिसत नाही आणि डोळ्यालाही दिसत नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनसुद्धा यासाठी बिनकामाचं, काच यूव्हीबी जवळजवळ सगळा अडवते. मी आठवडाभर टाकी खिडकीला लावून ठेवली होती आणि पुण्य कमावतोय असं वाटत होतं.

दुकानदाराला हे जाऊन सांगितलं. पैसे परत दिले नाहीत, पण भांडलाही नाही. आठ दिवसांत खरी यूव्हीबीची टी-५ ट्यूब मागवून दिली आणि जुन्या बल्बचे पैसे वळते केले. म्हणून दुकानाचं नाव घालत नाही, आणि त्याला शून्य मार्कही देत नाही. ट्यूबचं एक ध्यानात ठेवा : उजेड वर्षानुवर्षं पडत राहतो, पण त्यातला यूव्हीबी त्याच्या कितीतरी आधी संपतो. मी ट्यूबच्या पट्टीवर मार्करनं बसवल्याची तारीख घातली आहे, जशी मशीनवर ऑइल बदलल्याची घालतो. वर्षाला बदलायची.

खडे टाकून दिले. दगडू त्यातला एक तोंडात घेऊन बसला होता, गिळला असता तर आतडं अडलं असतं. आता तांबडी माती आणि नर्सरीतलं कोकोपीट मिसळून चार इंच थर, हातात दाबला तर मूठ वळेल इतका ओला. वाळवंटाचं जनावर म्हणून कोरडं ठेवायचं, असं मलाही वाटलं होतं. पण २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेमका याच जातीच्या पिल्लांवरचा आहे. पाठीवर खवल्याखवल्याचे डोंगर होतात ते मुख्यतः कोरड्या हवेमुळं, खाण्यातल्या प्रोटीनचा त्यात वाटा किरकोळ. पावसाळ्यात आपल्याकडं ओलावा मागायची गरज नाही, पण दिव्याखालची हवा भट्टीसारखी सुकते. त्यामुळं पाणी मारत राहावं लागतं.

तळं आणि नारळाचं झाड पाण्यातल्या कासवासाठी असणार. हा जमिनीवरचा, याला पोहता येत नाही. कुंडीखालची मातीची बशी पाण्याला पुरते. शिवाय एक दिवसाआड वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवतो, पाणी त्याच्या हनुवटीच्या खाली. पहिल्यांदा मिसेसची परात घेतली होती. त्यावर घरात जे झालं ते या लेखाचा विषय नाही. आता त्याची वेगळी परात आहे.

गोळ्यांच्या डब्यावर बारीक अक्षरात पहिलाच घटक माशाचा चुरा. गवत खाणाऱ्याला मासे! त्याचं खरं खाणं आपल्या परड्यातच आहे : हरळी, ज्याला आम्ही करकीही म्हणतो. जोडीला जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. फळं नकोत. आई केळं द्यायला बघते, तेवढं सांभाळावं लागतं. गणपतीत दुर्वांची जुडी सोडवताना अर्धी दगडूनं ओढली, आई म्हणाली असू दे, दोघंही देवच. औषध मारलेल्या शेताच्या बांधावरचं गवत मात्र आणू नका. कॅल्शियमसाठी पेट शॉपचा महाग ठोकळा घेऊ नका, काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन मागा, दोन तुकडे महिनाभर पुरतात.

टाकीबद्दल थोडंच. काच म्हणजे भिंत आहे हे कासवाला कळत नाही. दिवसभर तो काचेला डोकं लावून पाय मारत होता, आम्हाला वाटायचं खेळतंय. अनगोळच्या सुतारानं चार बाय दोन फुटांची प्लायची पेटी करून दिली, वर अर्धं झाकण, एका कोपऱ्यात लपायला खोपटं. सुतार विचारत होता, शवपेटी कुणाची? पेटीत ठेवल्यावर तासाभरात पाय मारणं थांबलं.

पण ही पेटीसुद्धा तात्पुरतीच. सुल्काटाचा नर चाळीस-पन्नास किलोपर्यंत जातो, जमिनीत बिळं खोदतो आणि सत्तर वर्षं सहज जगतो. मी एकोणपन्नासचा. मुलाला विचारून ठेवलं आहे, तो नुसता हसला. परसात भिंतीचा पाया किती खोल घ्यायचा ते आता गवंड्याशी बोलायचं आहे. किट विकताना हे कुणी सांगत नाही.

कागदाचंही सांगतो. ही परदेशी जात, तिची नोंद केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, २०२४ च्या नियमांप्रमाणे ताबा आल्यापासून तीस दिवसांत. भाच्यानं त्याच्या नावावर केली होती, मी माझ्या नावावर करून घेतली. एका ओळखीच्यानं शेतात सापडलेलं पाठीवर चांदण्या असलेलं कासव ‘जोडीला’ देऊ केलं. ते देशी, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित, घरात ठेवणं गुन्हा. जिथं सापडलं तिथं सोड म्हणून सांगितलं. सोडलं म्हणाला.

काल सकाळी वजन केलं, पोळ्यांच्या पिठाच्या काट्यावर : ३७१ ग्रॅम. पाठ गुळगुळीत.

किटमधली टाकी धुऊन जिन्याखाली ठेवली आहे. कुणाला मासे ठेवायला पाहिजे असेल तर शहापुरात येऊन घेऊन जा, पाचशे रुपये. नारळाचं झाड फुकट.