जुन्या बुलेटवाल्यांचं हक्काचं गॅरेज, दांडिया बाजार, बडोदा

कास्ट आयर्न इंजिनची बुलेट असेल तर इथेच या. इंजिन गार असतानाच टॅपेट लावतात, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांडीची (पुशरॉडची) फट जुळवतात: पिस्टन कॉम्प्रेशनला अगदी वर, पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरायला हवा, पण वर-खाली हलता कामा नये. घट्ट राहिला की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, किक मारून जीव जातो. पॉइंटचा (ठिणगीची वेळ साधणाऱ्या संपर्काचा) गॅप अंदाजाने नाही, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी): ०.३५ ते ०.४० मिमी.

खरी कमाई रविवारची सकाळ, बुलेटवाले जमतात तेव्हाची. क्लच पुलर (क्लच काढायचं अवजार) एकाचा, ठिणगीचं टायमिंग जुळवणं दुसऱ्याचं, चहा सगळ्यांचा! ६ व्होल्टची गाडी १२ वर न्यायची तर बल्ब, हॉर्न, कॉइलही बदलावी लागते, हे इथली मंडळी आधीच बजावतात.

शनिवारी मात्र फार ताटकळावं लागतं.