सिनगॅसपासून द्रव हायड्रोकार्बन: कोबाल्ट कशावर बसवावा, आणि लोह कधी घ्यावं?

सिनगॅसपासून, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनच्या मिश्रणापासून, द्रव हायड्रोकार्बन बनवणाऱ्या फिशर-ट्रॉप्श रिॲक्शनसाठी कॅटॅलिस्ट ठरवताना सगळा वेळ 'कोबाल्ट की लोह' यात जातो, आणि सपोर्टची (धातू ज्या सच्छिद्र पदार्थावर बसवतात त्याची) ऑर्डर कॅटलॉगमधलं पहिलं नाव बघून दिली जाते. म्हणून इथे गॅमा ॲल्युमिना, सिलिका आणि टायटॅनिया यांवरचा कोबाल्ट आणि तांबं-पोटॅशियम घातलेलं लोह असे चार पर्याय ताडून पाहिले आहेत. सेटअप गोव्यातल्या कुठल्याही कॉलेजात उभा राहील असा: अर्ध्या इंची नळीचा फिक्स्ड बेड (नळीत कॅटॅलिस्टचा स्थिर थर), एक-दोन ग्रॅम कॅटॅलिस्ट, २० बार दाब. कोबाल्टला २२० अंश सेल्सिअस, लोहाला २५०-२६०.

ॲल्युमिना हा घरचा गडी. दाणे मजबूत, मिळतो सहज, पण भरताना घाई चालत नाही. १० ग्रॅम कॅटॅलिस्टमध्ये २० टक्के कोबाल्ट हवा तर २ ग्रॅम धातू, म्हणजे ९.८८ ग्रॅम कोबाल्ट नायट्रेट हेक्झाहायड्रेट. सपोर्ट उरला ८ ग्रॅम. त्याची छिद्रं ग्रॅममागे ०.५ मिली धरली तर एका वेळी ४ मिलीच मावतं, आणि नुसते नायट्रेटचे खडेच पाच मिलीहून जास्त जागा घेतात. सगळं एका दमात ओतलं तर उरलेलं द्रावण दाण्याबाहेर सुकतं आणि वर कोबाल्टची पुटं चढतात. तीन हप्त्यांत घाला. प्रत्येक हप्त्यानंतर ११० अंशांवर सुकवून ३५० वर भाजा, नाहीतर पुढच्या ओतण्यात आधीचं नायट्रेट पुन्हा विरघळतं.

जून ते सप्टेंबर इथे आणखी एक भानगड असते. कोबाल्ट नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं. ताळगावच्या पठारावर पावसाळ्यात बाटली दहा मिनिटं उघडी राहू द्या. लाल खड्यांच्या कडा ओल्या, चकचकीत दिसू लागतात. वजनात दहा टक्के पाणी शिरलं असेल तर २० टक्क्यांचा कॅटॅलिस्ट प्रत्यक्षात १८ च्या आसपास उतरतो, आणि कमी ॲक्टिव्हिटीचा ठपका बिचाऱ्या सपोर्टवर येतो. त्यापेक्षा एकदाच स्टॉक द्रावण करावं, ईडीटीए टायट्रेशनने त्याची तीव्रता काढावी आणि पुढे मिलीवर मोजावं. सपोर्टही आधी सुकवून घ्यावा. दमट ॲल्युमिनावर छिद्रांचं माप नेहमी कमी येतं.

भाजताना मिनिटाला एक-दोन अंश, पातळ थर, वरून हवेचा झोत. मफल भट्टीत खोल क्रुसिबल भरून ठेवलं की तपकिरी धूर आत कोंडतो आणि कोबाल्ट ऑक्साइडचे कण मोठे होतात. ताव वाढला तर कोबाल्ट ॲल्युमिनात शिरतो. तो भाग मग ४०० अंशांच्या हायड्रोजनलाही दाद देत नाही. ०.१ टक्का प्लॅटिनम घातलं की रिडक्शन (ऑक्साइडचा पुन्हा धातू होणं) बरंच खालच्या तापमानाला होतं. खर्च वाढतो, पण ॲल्युमिनावर ती चिमूट वसूल होते. कण फार बारीक करण्याच्या मागेही लागू नये. २००६ मध्ये उट्रेख्त विद्यापीठाच्या गटाने कार्बन नॅनोफायबरवर दाखवलं की ६ ते ८ नॅनोमीटरच्या खाली कोबाल्टचा प्रत्येक पृष्ठ-अणू कमी काम करतो.

सिलिका उलट स्वभावाची. छिद्रं ग्रॅममागे एक मिलीपर्यंत, त्यामुळे वरचा सगळा नायट्रेट एकाच खेपेत मावतो. धातूशी पकड सैल, म्हणून रिडक्शन सोपं. त्याच कारणाने कणही मोठे होतात. खरी अडचण पाण्याची. या रिॲक्शनमध्ये प्रत्येक कार्बनमागे पाण्याचा एक रेणू निघतो, आणि कन्व्हर्जन (कार्बन मोनॉक्साइडचा वापरला गेलेला भाग) ६०-७० टक्क्यांवर रेटलं की वाफेच्या दाबाखाली कोबाल्ट सिलिकेट बनू लागतं. एका सत्राच्या प्रोजेक्टला सिलिका उत्तम. महिनाभर चालवायच्या रनला नको.

टायटॅनियाबद्दल मत फारसं अनुकूल नाही. पी-२५ सारख्या पावडरीचं क्षेत्रफळ ग्रॅममागे ५० चौरस मीटर. त्यावर २० टक्के कोबाल्ट म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशीची खच्चून भरलेली कदंब बस. १०-१२ टक्क्यांवर थांबावं. हायड्रोजनमध्ये जास्त तापवलं तर टायटॅनियाचाच पातळ थर कोबाल्टवर सरकतो आणि जागा झाकतो. नीट बनवला तर जड मेण चांगलं देतो, पण पहिल्या खरेदीत घेऊ नये.

लोहाचा प्रश्न गॅसवर ठरतो. काजूच्या टरफलांचा किंवा लाकडाचा गॅस हायड्रोजनला गरीब असतो. कोबाल्टला २:१ च्या आसपासचं प्रमाण लागतं. लोह वॉटर-गॅस शिफ्ट (कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्यापासून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बनवणं) स्वतःच करतं, त्यामुळे १:१ च्या खालीही चालतं. जुनी जर्मन कृती वजनाने १०० लोह, ५ तांबं, ४.२ पोटॅशियम, २५ सिलिका अशी आहे, आणि अजूनही सुरुवात तिथूनच करावी. ॲक्टिव्हेशन कार्बन मोनॉक्साइड किंवा सिनगॅसमध्ये २७०-२८० अंशांवर, म्हणजे लोहाचं कार्बाइड बनतं. पोटॅशियम वाढवलं तर मेण वाढतं, पण कार्बनही साचतो आणि दाणे भुगा होऊन बेडचा दाब चढतो. डिचोलीचं लोहखनिज सरळ दळून चालेल का, हे हमखास विचारलं जातं. नाही. त्यातलं ॲल्युमिना आणि फॉस्फरस आपल्या हातात नसतात. लोह नायट्रेटच्या द्रावणातूनच साकळवावं.

लोहाची आकडेवारी वाचताना कार्बन डायऑक्साइड धरला आहे की वगळला, ते आधी बघा. वगळला असेल तर सिलेक्टिव्हिटी (तयार मालातला हव्या पदार्थाचा वाटा) दिसायला देखणी असते. साखळीवाढीचा अल्फा (साखळी आणखी एका कार्बनने वाढण्याची शक्यता) ०.८ असेल तर सी-५ (पाच कार्बनांचा) आणि त्यावरचा माल वजनाने ७४ टक्के, ०.९ असेल तर ९२. त्याच ०.९ ला सी-२१ आणि त्यावरचं मेण ३६ टक्क्यांवर जातं. डिझेल हवं असेल तर त्या मेणाचं हायड्रोक्रॅकिंग (हायड्रोजनमध्ये साखळ्या तोडणं) पुढे करावंच लागतं.

रुथेनियम सर्वांत चपळ आणि सर्वांत महाग. निकेल मिथेन करतो, वर विषारी कार्बोनिल. हात लावू नये.

कुठलाही घेतला तरी बेडमध्ये सिलिकॉन कार्बाइड पाच ते दहापट मिसळा. कार्बनच्या मोलमागे साधारण १६५ किलोज्यूल उष्णता निघते, आणि हॉट स्पॉट झाला की कोबाल्ट मिथेन करत सुटतो. गॅस १८० अंशांवर सोडा आणि शेवटचे वीस अंश तासाला पाचच्या वेगाने चढा. कार्बन मोनॉक्साइडच्या लोखंडी सिलिंडरातून लोहाचं कार्बोनिल येतं. आधी कार्बनचा ट्रॅप नसेल तर बेडच्या वरच्या भागात लोह बसतं आणि कोबाल्टचे निकाल बिघडतात. मेणाचा ट्रॅप १५० अंशांवर ठेवा आणि तिथपर्यंतची लाईनही तापवा. वीज गेली की नायट्रोजन आपोआप सुरू होईल असा नॉर्मली-ओपन व्हॉल्व्ह लावा, सिनगॅसवर नॉर्मली-क्लोज्ड. जुलैच्या वादळात हे दोन व्हॉल्व्ह प्लॅटिनमपेक्षा जास्त कामाला येतात.

रन संपल्यावर बेड थंड करून एक टक्का ऑक्सिजनच्या नायट्रोजनने सावकाश पॅसिव्हेट करा (वर ऑक्साइडचा पातळ थर येऊ द्या), किंवा मेणातच राहू द्या. रिड्यूस केलेला कोबाल्ट कोरडा हवेत आला तर टिश्यू पेपरवर पडल्या पडल्या पेटतो.