‘सायलेंट स्प्रिंग’: आधी चौथं प्रकरण वाचा
रेचेल कार्सन यांचं हे कीटकनाशकांच्या धोक्यांवरचं १९६२ सालचं पुस्तक अनेकांचं तिसऱ्या प्रकरणातच सुटतं. तिथे कीटकनाशकांची नावं एकामागून एक येतात. ते मागाहून वाचा. चौथ्यात कॅलिफोर्नियातलं क्लिअर लेक हे सरोवर आहे. चिलटं मारायला त्यात डीडीडी हे कीटकनाशक टाकलं, पहिल्यांदा ७ कोटी भाग पाण्याला जेमतेम १ भाग. ते प्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत), माशांत आणि शेवटी ग्रीब पक्ष्यांच्या चरबीत साठत गेलं: दशलक्षात १,६०० भाग! विषाची साखळी इतकी लख्ख मांडलेली क्वचितच सापडते. कर्करोगावरचं प्रकरण मात्र आजच्या संशोधनाशी ताडून पाहा. पहिल्या प्रकरणातलं गाव काल्पनिक आहे, पुरावा म्हणून त्याचा दाखला देऊ नका. आणि कीटकनाशकं कधीच वापरू नयेत, असं कार्सन म्हणत नाहीत. दुसऱ्या प्रकरणात तसं स्पष्ट लिहिलंय.