गच्चीवरच्या लॉनखाली निघाली ताडपत्री

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीला गच्चीवर बाग करून देणाऱ्या एका कंत्राटदाराने पद्धतशीर फसवलं. पावसाळा तोंडावर आला की अशा कामांची पत्रकं घरोघर फिरतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

मीटिंगला तो काचेची पेटी घेऊन आला होता. तळाशी वॉटरप्रूफिंगची काळी शीट, त्यावर मुळं अडवणारा प्लास्टिकचा थर, मग पाणी वाहून नेणारे, अंड्यांच्या ट्रेसारखे ड्रेनेज सेल, वर माती अडवून पाणी जाऊ देणारं जिओटेक्स्टाइलचं पांढरं कापड आणि सगळ्यात वर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (हलके पांढरे खडे), गांडूळखताचं हलकं मिश्रण. त्या पेटीत खोटं काहीच नव्हतं. गच्चीवर लॉन असंच करायला हवं. कोटेशनमध्येही हेच थर, शिवाय दहा वर्षांची गॅरंटी. मिळकत करात सवलत मिळवून देतो, हेही वर. पुणे महापालिका अशी सवलत सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारणासाठी देते, लॉनसाठी नाही. पण तो या तिन्हींबरोबर लॉनचंही इतक्या सफाईने एकत्र बोलायचा की ऐकणाऱ्याला सगळं एकच वाटावं.

सत्तर टक्के रक्कम त्याने आगाऊ घेतली. माणसं लावली ती मधल्या वारी, सगळे कामावर गेल्यावर. शनिवारी लोक वर गेले तेव्हा लॉन अंथरून तयार, फोटो काढून झालेले, बाकीच्या पैशांची घाई सुरू. "आता खाली उकरून बघू नका हं, गॅरंटी रद्द होते." हे वाक्य त्याने गॅरंटी कार्डावरही छापून ठेवलं होतं. हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलंत तर तिथेच थांबा.

जुलैत वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघराच्या छताला ओल आली. पुढे स्लॅबचा गिलावा पोपडे धरून गळायला लागला. याचा फोन बंद. शेवटी आम्हीच लॉन उचकटलं. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कडेने हातभर रुंदीत ड्रेनेज सेल होते, म्हणजे कुणी कडेला बोट घालून पाहिलं तर सापडावेत. मधे काहीच नाही! निळी ताडपत्री, तीही जोडावर नुसती एकावर एक टाकलेली, आणि त्यावर वीतभर चिकट लाल माती. पावसाळी पाइपाच्या तोंडाशी जाळी नाही, त्यामुळे माती आत जाऊन पाइप तुंबलेला.

गळतीपेक्षा वजनाची गोष्ट मला जास्त भयंकर वाटते. वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो जादा भार धरून काढतात. वीतभर ओली माती तेवढ्याच जागेत चारशे किलोच्या आसपास भरते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याबरोबर माती उतरवायला सांगितली. खाली माणसं झोपतात, लहान मुलं आहेत. हे त्या माणसाला माहीत नव्हतं असं मी मानत नाही, हलक्या मिश्रणाचे पैसे त्याने बिलात लावलेच होते.

बिलावरचा जीएसटी नंबर 27 ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, दिसायला अस्सल. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर भलत्याच नावाची, टाइल्स विकणारी फर्म निघाली, नोंदणी रद्द झालेली. हे तपासायला पैसे लागत नाहीत आणि दोन मिनिटंही पुरतात.

काम द्यायचंच असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी पत्र घ्या. वॉटरप्रूफिंग झाल्यावर गच्चीत पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवा आणि खालच्या घरांची छतं बघा. प्रत्येक थर झाकण्याआधी कमिटीतल्या कुणीतरी वर उभं राहून फोटो काढायचे, ही अट करारात घाला. पैसे थरांप्रमाणे द्या आणि शेवटचा मोठा हप्ता एक पावसाळा पार पडल्यावर. याला जो तयार होत नाही, त्याला चहा पाजून परत पाठवा.

फसला असाल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आमची तक्रार दाखल झाली आहे. काचेच्या पेटीचा फोटो, कोटेशन, उचकटताना काढलेला व्हिडिओ आणि इंजिनिअरचं पत्र सोबत जोडलंय. कागद फेकू नका, व्हॉट्सअॅपवरचं बोलणंही पुसू नका.